बेरीज बदलापूरची, वजाबाकी रत्नागिरीची

आमच्या इमारतीत गेल्या वर्षभरात तीन बाळे आली आणि दोन माणसे गेली. बदलापूर पूर्वेला, स्टेशनपासून रिक्षाने दहा मिनिटांवर असलेली ही चार मजली, चोवीस बिऱ्हाडांची इमारत. पण या पाचही घटनांपैकी एकीचीही नोंद बदलापूरच्या दप्तरात नाही. पहिले बाळ आईच्या माहेरी, संगमेश्वर तालुक्यात जन्मले. दुसरे उल्हासनगरच्या कॅम्प नंबर तीनमधल्या सरकारी मध्यवर्ती रुग्णालयात, आणि तिसरे डोंबिवलीच्या एका प्रसूतिगृहात. दुसऱ्या मजल्यावरचे काका शेवटचे दहा दिवस परळच्या रुग्णालयात होते, ते तिथेच गेले. तळमजल्यावरच्या आजींनी ‘मला गावाला न्या’ असा हट्ट धरला होता. मुलांनी तो पुरवला. आजींची नोंद गावच्या ग्रामपंचायतीत झाली.

कायदाच तसा आहे. १९६९च्या जन्म-मृत्यू नोंदणी कायद्याप्रमाणे घटना जिथे घडली तिथे नोंद व्हायची, माणूस राहतो कुठे याच्याशी त्या वहीला कर्तव्य नाही. म्हणजे नोंदवहीच्या दृष्टीने आमची इमारत वर्षभर एखाद्या चित्रासारखी स्थिर होती. प्रत्यक्षात मात्र चार बिऱ्हाडे सोडून गेली, पाच नवी आली, आणि पाण्याचा टँकर आठवड्यातून दोनदा यायचा तो तीनदा येऊ लागला.

लोकसंख्येचा हिशेब तसा किराणा दुकानदाराच्या वहीइतका सोपा. जन्मले ते मिळवायचे, मेले ते वजा करायचे. बाहेरून आले ते मिळवायचे, बाहेर गेले ते वजा करायचे. गाव असो, जिल्हा असो की राज्य, या चार आकड्यांपलीकडे पाचवा आकडा नाही. तरीही लोकलच्या डब्यात या विषयावर तोंड उघडणारा प्रत्येक जण चारांपैकी एकच आकडा हातात धरून भांडत असतो. एक म्हणतो, ‘लोकांना पोरे फार होतात.’ दुसरा म्हणतो, ‘बाहेरचे लोंढे येतात.’ चौथ्या सीटवर अर्धवट टेकून ही दोन्ही मते मी पंचवीस वर्षे ऐकत आलो. निवृत्त झाल्यावर वेळ मिळाला, तेव्हा जनगणनेचे तक्ते काढून बसलो. आणि ध्यानात आले की कल्याणपासून कर्जतकडे जाणाऱ्या रुळांवर ओळीने वसलेली आमची तीन शहरे म्हणजे हा हिशेब शिकायची उत्तम शाळा आहे.

सुरुवात उल्हासनगरपासून करू. या शहराच्या जन्माची कथा निराळी, कारण ते जन्मांमुळे वाढलेले शहरच नव्हे. दुसऱ्या महायुद्धात कल्याणजवळ सैन्यासाठी छावण्या उभारल्या होत्या. युद्ध संपले, बराकी ओस पडल्या. मग १९४७ची फाळणी आली आणि सिंधमधून सर्वस्व सोडून आलेली जवळजवळ लाखभर माणसे त्या बराकींत उतरवण्यात आली. एकेका लांबलचक बराकीत मध्ये पडदे, गोणपाट, पत्रे लावून संसार मांडले गेले. ८ ऑगस्ट १९४९ रोजी गव्हर्नर जनरल चक्रवर्ती राजगोपालाचारी यांच्या हस्ते वसाहतीची कोनशिला बसली आणि उल्हास नदीवरून तिला नाव मिळाले. १९४१च्या जनगणनेत ज्याचे नावही नव्हते ते शहर १९५१च्या जनगणनेत ऐंशी हजारांच्या घरात होते. अजूनही तिथला पत्ता कॅम्प नंबरने सांगतात. छावणी उठून पाऊणशे वर्षे झाली तरी ‘कॅम्प’ काही उठला नाही.

आता याच शहराचे अलीकडचे आकडे पाहा. २००१मध्ये सुमारे पावणेपाच लाख, २०११मध्ये पाच लाख सहा हजार. दहा वर्षांत वाढ साधारण सात टक्के. त्या दशकात महाराष्ट्राच्या शहरांत निव्वळ जन्म-मृत्यूंच्या फरकाने लोकसंख्या दहा-बारा टक्के वाढायला हवी होती. मग उल्हासनगरची सातच का? मुले जन्मायची थांबली नव्हती की मरणही वाढले नव्हते. उत्तर एकच उरते. जेवढे आले त्याहून जास्त माणसे निघून गेली. निर्वासितांनी वसवलेले शहर आता माणसे बाहेर पाठवू लागले. तेरा-एक चौरस किलोमीटरात पाच लाख माणसे, अनधिकृत इमारतींचे न्यायालयात गेलेले खटले, जुन्या इमारतींचे कोसळणारे स्लॅब. थोडे पैसे गाठीला असलेले कुटुंब मग शेजारच्या गावात फ्लॅट बघते. आमच्या इमारतीतली तीन सिंधी कुटुंबे अशीच दोन-तीन स्टेशने ओलांडून आली. त्यांच्या आजोबांनी कराचीहून बराकीपर्यंत केलेला प्रवास कुठे आणि हा वीस मिनिटांचा प्रवास कुठे! पण जनगणनेच्या तक्त्यात दोन्हींचा शब्द एकच, स्थलांतर.

अंबरनाथ मधल्या भावासारखे. शके ९८२चा, म्हणजे इ. स. १०६०चा शिलालेख असलेले शिलाहारांचे शिवमंदिर वालधुनीच्या काठी सांभाळत ते शांत बसले होते. १९२०च्या दशकात विम्कोचा काडेपेटीचा कारखाना आला, स्वातंत्र्यानंतर संरक्षण खात्याचे कारखाने आणि मग औद्योगिक वसाहत. इथे माणसे कामाच्या मागून आली. २००१ ते २०११ या दशकात दोन लाखांवरून अडीच लाख, पंचविसेक टक्के. म्हणजे ढोबळमानाने अर्धी वाढ पाळण्यातून, अर्धी गाडीतून.

आणि मग आमचे बदलापूर. इथे घोडे बदलत म्हणून बदलापूर, असे जुनी माणसे सांगतात. खरेखोटे घोड्यांना ठाऊक. पण इथे माणसे मात्र बदलत असतात हे मी डोळ्यांनी पाहतो. २००१मध्ये कुळगाव-बदलापूरची लोकसंख्या ९७,९४८ होती, २०११मध्ये १,७४,२२६ झाली. दहा वर्षांत शहात्तर हजारांची भर, अठ्ठ्याहत्तर टक्के. पाळण्यांच्या हिशेबाने दहा-पंधरा हजारांची भर समजण्यासारखी होती. उरलेली साठ हजारांहून अधिक माणसे सामानाच्या टेम्पोबरोबर आली. ‘पोरे फार होतात’ म्हणणाऱ्या आमच्या डब्यातल्या गृहस्थांना मी हा आकडा दाखवला, तर ते म्हणाले, ‘म्हणजे बाहेरचे लोंढेच ना!’

लोंढे खरेच, पण कुठून? मी स्वतः आलो लालबागहून. १९८२च्या गिरणी संपानंतर वडिलांची नोकरी गेली, चाळीतली खोली तीन भावांत पुरेना, शेवटी ती विकून तिघांनी तीन ठिकाणी घरे घेतली. मोठा विरारला, मधला डोंबिवलीला, आणि सर्वांत कमी पैसे वाट्याला आलेला मी सर्वांत दूर. मुंबईच्या जुन्या मध्यमवर्गाची ही वाटणी इतक्या घरांत झाली आहे की वाचकांपैकी कित्येकांना ती आपलीच वाटेल. आणि तिचा पुरावा सरकारी आहे. २००१ ते २०११मध्ये मुंबई शहर जिल्ह्याची लोकसंख्या साडेसात टक्क्यांनी घटली, उपनगर जिल्ह्याची आठ टक्क्यांच्या आसपासच वाढली, आणि त्या वेळच्या अखंड ठाणे जिल्ह्याची छत्तीस टक्क्यांनी. एक कोटी दहा लाखांचा ठाणे हा २०११मध्ये देशातला सर्वाधिक लोकसंख्येचा जिल्हा होता. पालघर त्यातून वेगळा निघाला तो १ ऑगस्ट २०१४ला.

त्याच तक्त्यात थोडे खाली रत्नागिरी आणि सिंधुदुर्ग आहेत. रत्नागिरीची लोकसंख्या त्या दहा वर्षांत सुमारे ब्याऐंशी हजारांनी कमी झाली, सिंधुदुर्गाचीही दोन टक्क्यांहून अधिक घटली. तिथे रोगराई आली नव्हती की दुष्काळ पडला नव्हता. जन्म मृत्यूंपेक्षा जास्तच होते, तरी जिल्हा आटला. २०११मध्ये रत्नागिरीत दर हजार पुरुषांमागे ११२२ स्त्रिया होत्या. हा आकडा वाचून कोणाला स्त्री-जन्माचे स्वागत वगैरे सुचले तर सांगायला हवे की हे पुरुष जन्मले होते, फक्त ते ठाण्या-मुंबईत होते. माझ्या आजोळच्या वाडीत चौदा घरे आहेत, त्यांतल्या नऊंना गणपतीपुरते आणि शिमग्यापुरते कुलूप निघते. शाळेत मास्तर आहेत, पाटी-पेन्सिल आहे, पटावर मुले तेवढी नाहीत. आणि इथे बदलापुरात आमच्या जवळच्या शाळेत एका वर्गात साठ-सत्तर मुले कोंबलेली. तीच मुले! आजोळच्या शाळेने गमावलेली आणि इथल्या शाळेला न पेलणारी.

आता राज्याच्या वहीकडे येऊ, कारण घोटाळा इथेच होतो. लालबागचा माणूस बदलापूरला आला, संगमेश्वरची मुलगी लग्न होऊन अंबरनाथला आली, हिंगोलीचा तरुण औद्योगिक वसाहतीत लागला, तर आमची शहरे फुगतात. पण महाराष्ट्राच्या लोकसंख्येत एका माणसाचाही फरक पडत नाही. एका खिशातले पैसे दुसऱ्या खिशात गेले. राज्याच्या खात्यात भर पडते ती जौनपूर, आझमगड, गुलबर्गा इथून येणाऱ्याची, आणि वजाबाकी होते ती बडोदा, बंगळूर किंवा परदेशी जाणाऱ्याची. ही भर खोटी आहे असेही कोणी सांगू नये. २००१च्या जनगणनेत मागच्या दहा वर्षांतल्या स्थलांतराचा हिशेब झाला, तेव्हा आलेले वजा गेलेले अशी महाराष्ट्राची निव्वळ भर तेवीस लाखांहून अधिक निघाली. देशात पहिला क्रमांक, दिल्लीच्याही वर. पण त्याच दहा वर्षांत राज्याची एकूण वाढ एक कोटी ऐंशी लाखांच्या आसपास होती. म्हणजे सात-आठ वाढलेल्या माणसांत एक बाहेरून आलेला, बाकीचे इथे जन्मलेले. डब्यातल्या दोन्ही गृहस्थांनी आपापला आवाज थोडा खाली आणायला हरकत नाही.

त्यातही एक मेख आहे. बाहेरून येणारा बहुधा विशी-तिशीतला असतो. तो एकटा येतो तेव्हा ‘स्थलांतर’ या रकान्यात मोजला जातो. पुढे लग्न करतो, त्याला उल्हासनगरच्या रुग्णालयात मुलगी होते, ती मात्र ‘जन्म’ या रकान्यात. शिवाय तरुणांची गर्दी झाली की शहराचा मृत्युदर आपोआप खाली येतो, कारण तरुण कमी मरतात. म्हणून एका रकान्याचा दोष दुसऱ्याच्या माथी मारता येत नाही. हे चारही आकडे एकमेकांच्या घरात जाऊन बसलेले असतात. केरळचेच पाहा ना. तिथली आरोग्यसेवा आपल्यापेक्षा सरस मानली जाते, पण २०२०मध्ये तिथला मृत्युदर हजारी सात होता आणि महाराष्ट्राचा साडेपाच. कारण केरळात म्हातारी माणसे जास्त. मृत्युदर कमी म्हणून आम्ही निरोगी, असे बदलापूरकरांनी छाती काढून सांगू नये. आमच्याकडे म्हातारे अजून व्हायचे आहेत.

जन्म-मृत्यूंची मूळ गोष्टही गेल्या पन्नास वर्षांत पार बदलली. १९७१च्या सुमारास महाराष्ट्रात दर हजारी बत्तीस जन्म आणि बारा मृत्यू होत. वर्षाला हजारी वीस माणसांची भर. २०२०मध्ये जन्म पंधरा आणि मृत्यू साडेपाच, भर साडेनऊ. अर्भकमृत्यू तेव्हा हजार जन्मांमागे शंभराच्या वर होते, ते सोळावर आले. माझ्या आजीला नऊ मुले झाली, चार वाचली. आईला चार झाली, चारही वाचली. बायकोला दोन, आणि मुलीचे म्हणणे ‘एक पुरे’. एका घरातल्या चार पिढ्यांत सारा लोकसंख्याशास्त्राचा अभ्यासक्रम संपतो. राज्यात एका स्त्रीमागे होणाऱ्या मुलांची सरासरी १९९२-९३च्या पाहणीत तीनच्या जरा खाली होती, २०१९-२१मध्ये १.७ झाली. आई-बापांची जागा भरून काढायला २.१ लागतात. र. धों. कर्व्यांनी १९२१मध्ये मुंबईत संततिनियमनाचे केंद्र काढले तेव्हा लोकांनी त्यांना काय काय म्हटले ते आठवा. आणि हेही लक्षात घ्या की भिंतीवर लाल त्रिकोण रंगवणाऱ्या सरकारपेक्षा बदलापूरच्या वन-रूम-किचनने आणि लोकलच्या तीन-साडेतीन तासांच्या रोजच्या प्रवासाने कुटुंबनियोजनाचे काम अधिक चोख केले, असे माझे प्रामाणिक मत आहे. सकाळी सहाला घर सोडून रात्री साडेआठला परतणाऱ्या जोडप्याला दुसरे मूल नको असते असे नाही, ते कोणाच्या मांडीवर ठेवायचे हा प्रश्न असतो.

मग १.७वर आलेल्या राज्याची लोकसंख्या अजून वाढते कशी? कारण नव्वदीच्या दशकात जन्मलेल्या मुली आज आया होत आहेत. त्या संख्येने मोठ्या, म्हणून प्रत्येकीला एक-दोनच मुले झाली तरी पाळणे बरेच हलतात. लोकल ब्रेक लावल्यावरही फलाटभर पुढे जाते तसेच हे आहे. पुढल्या काही दशकांत ही गाडी थांबेल, आणि तेव्हा वाढ असो की घट, तिचा निर्णय मुख्यतः येणारे आणि जाणारे करतील. आजच्या महाराष्ट्राच्या हद्दीत १९११ ते १९२१ या दशकात लोकसंख्या घटली होती, ती इन्फ्लुएंझाने. पुढे कधी घटली तर ती साथीने नव्हे, घराघरांतल्या शांत निर्णयाने घटेल. ‘बाहेरच्यांना येऊ देऊ नका’ म्हणणाऱ्यांच्या मुलांना कदाचित तेव्हा माणसे शोधत फिरावे लागेल. तळमजल्यावरच्या आजींना शेवटची दोन वर्षे सांभाळायला बाई होती ती हिंगोलीची. आजींचा नातू कॅनडात.

माझे गाऱ्हाणे मात्र निराळेच आहे. २०२१ची जनगणना कोविडमुळे झाली नाही. त्या टाळेबंदीत, २०२०मध्ये, नाशिकच्या महामार्गावरून डोक्यावर गाठोडी घेऊन पायी निघालेली माणसे आपण सगळ्यांनी पाहिली. ती किती होती, किती परतली, कोणत्याही वहीत धड उत्तर नाही. पुढची जनगणना १ मार्च २०२७च्या संदर्भ-तारखेने करायचे २०२५मध्ये जाहीर झाले. म्हणजे मधली सोळा वर्षे आमचे शहर कागदोपत्री पावणेदोन लाखांचेच राहिले. प्रभागांची रचना त्या आकड्यावर. अन्नसुरक्षा कायद्याखाली कोणत्या राज्यात किती जणांना रेशन द्यायचे, तेही २०११च्याच मोजणीवर. बारवी धरण आमच्या अंगणात, त्याची उंची वाढवताना इथल्या गावांनी घरे-शेते दिली, पाणी ठाणे आणि मीरा-भाईंदरपर्यंत जाते. आणि आमच्या इमारतीत टँकर. फलाटावर उभ्या माणसांना कोणी २०११ची माणसे म्हणेल तर म्हणो. अंबरनाथची मंडळी उलटी बदलापूरपर्यंत येऊन जागा धरतात म्हणून दोन गावांत रोज भांडणे होतात, ती दोघेही शहाणी असूनही होतात, कारण जागा एक आणि न मोजलेली माणसे दोन. ९ जून २०२५ला मुंब्र्याजवळ गर्दीच्या गाड्यांतून पडून प्रवासी मृत्युमुखी पडले. अशा मृत्यूची नोंदही, मघाच्या नियमाप्रमाणे, जिथे तो घडला तिथे होते. ज्या शहराला पुरेशा गाड्या मिळाल्या नाहीत त्याची वही पुन्हा कोरीच.

कोणी म्हणेल, आधार आहे, मतदारयाद्या आहेत, २०२३च्या दुरुस्तीने जन्मदाखलाही सर्व कामांना चालतो. मग दारोदार फिरून डोकी मोजायची कशाला? कारण बाकीच्या साऱ्या याद्या माणसाने अर्ज केला तरच त्याला ओळखतात. भाडेकरूची बायको, गावाहून शिकायला आणलेला पुतण्या, इमारतीच्या बांधकामावर झोपणारे कुटुंब, हे अर्ज करीत नाहीत. त्यांना फक्त दारावर येणारा प्रगणक ओळखतो, तोही दार उघडले तर.

परवा मी सौभाग्यवतींना जनगणनेतले ठरावीक प्रश्न वाचून दाखवत होतो. जन्मस्थान कोणते, याआधीचे वास्तव्य कोठे होते, तिथून येण्याचे कारण काय. २०११मध्ये देशात पंचेचाळीस कोटींवर माणसे स्थलांतरित म्हणून मोजली गेली आणि त्यांतला सर्वांत मोठा गट लग्न होऊन सासरी आलेल्या बायकांचा होता, हेही सांगितले. ती निवडत असलेल्या मेथीवरून नजर न उचलता म्हणाली, ‘म्हणजे इतकी वर्षे लोंढा लोंढा म्हणत होता तो मीच की!’ मग जरा थांबून तिने विचारले, ‘आणि आपला नातू? तो संगमेश्वरला जन्मला, सव्वा महिन्याने इथे आला. त्याचे काय लिहायचे?’

मी तक्ता पाहिला. जन्मस्थान एक आणि राहणे दुसरीकडे, तर नियमाप्रमाणे तोही स्थलांतरित.